मुलांना ठरावीक काळाने होणाऱ्या उलट्या : निदानाची वाट पालकांच्या नोंदीतून

रायपूर : रात्री व्यवस्थित जेवून झोपलेले मूल पहाटे मळमळीने जागे होते. चेहरा पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटते आणि पाहता पाहता तासाला चार-सहा उलट्या सुरू होतात. पोटात काही उरले नाही तरी कोरड्या ओकाऱ्या थांबत नाहीत. दिवस-दोन दिवस मूल अंथरुणाला खिळते, सलाईन लावावी लागते आणि तिसऱ्या दिवशी तेच मूल काही घडलेच नसावे अशा रीतीने दप्तर घेऊन शाळेत जाते. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तसाच प्रसंग येतो. घरात ‘बाहेरचे खाल्ले’, ‘पित्त झाले’, ‘दृष्ट लागली’ अशी कारणे सांगितली जातात. वैद्यकशास्त्रात मात्र या क्रमाला स्वतंत्र नाव आहे : ‘सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम’, म्हणजेच आवर्ती वमन विकार.

हा विकार एखाद्या रक्तचाचणीत किंवा छायाचित्रात दिसत नाही. तो दिसतो अनेक प्रसंग एकापुढे एक मांडल्यावर. प्रत्येक प्रसंग स्वतंत्रपणे पाहिला, तर तो साधा पोटाचा संसर्ग वाटतो. त्यामुळे योग्य निदान होईपर्यंत अनेक मुलांची वर्षे वाया जातात. दुसरीकडे, ‘याला नेहमीच होते’ अशी सवय जडल्यास कधीतरी आतड्याला पीळ पडण्यासारखे प्राणघातक कारणही त्याच समजुतीखाली झाकले जाते. या दोन्ही चुका टाळण्याचे सर्वांत स्वस्त साधन पालकांच्या हातात असते. ते म्हणजे तारीखवार नोंद.

सदर बाजार ते टाटीबंध

रायपूरच्या जुन्या शहरातील सदर बाजार ही सराफांची पेठ. गोल बाजार आणि बुढापारा येथून हाकेच्या अंतरावर आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आणि पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळापासून बुढापारा, तात्यापारा, ब्राह्मणपारा या परिसरात मराठी कुटुंबे स्थायिक झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी बनले आणि आरोग्यसेवेचे स्वरूपही पालटले.

आज या पेठेतील पालकांपुढे उपचारांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी गल्लीतील दवाखाना आणि औषधाचे दुकान. दुसरी, पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, ज्याला शहरात ‘मेकाहारा’ म्हणूनच ओळखले जाते. तिसरी, जी. ई. रस्त्यावर टाटीबंध येथे २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स. म्हणजे उपचार दूर नाहीत. अडचण वेगळी आहे. पहाटे मूल ओकू लागले की जे दार उघडे असेल तेथे ते नेले जाते. दर वेळी डॉक्टर नवे, केसपेपर नवा आणि समोर दिसणारा आजार एकाच रात्रीचा. गेल्या वर्षभरात असे पाच प्रसंग झाले आणि ते सारे एकसारखे होते, ही माहिती कोणत्याच कागदावर एकत्र आलेली नसते.

जुना आजार, उशिरा मिळालेली व्याख्या

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील डॉ. सॅम्युएल जी यांनी १८८२ मध्ये नऊ मुलांच्या अशा उलट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलांना अधूनमधून उलट्यांचे सत्र येते आणि मधल्या काळात ती पूर्ण निरोगी असतात, हे त्यांचे निरीक्षण आजही लागू पडते. त्यानंतर दीर्घकाळ हा आजार मानसिक, आम्लतेचा किंवा ‘नाजूक पोटाचा’ मानला गेला. शाळकरी मुलांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १.९ टक्के मुलांत ही लक्षणे आढळली. म्हणजे हा आजार समजला जातो तितका दुर्मीळ नाही.

पचनसंस्थेच्या कार्यात्मक विकारांसाठी जगभर वापरले जाणारे ‘रोम’ निकष २०१६ मध्ये चौथ्यांदा सुधारण्यात आले. त्यानुसार मुलांमध्ये निदानासाठी पुढील बाबी पाहिल्या जातात : सहा महिन्यांत तीव्र मळमळ व उलट्यांची किमान दोन आवर्तने, प्रत्येक आवर्तन काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकणे, त्या मुलापुरते प्रत्येक आवर्तन एकसारखे असणे, दोन आवर्तनांमध्ये काही आठवडे ते काही महिन्यांचे अंतर असून मूल पूर्ववत होणे, आणि योग्य तपासणीनंतर दुसरे कारण न सापडणे. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. इतर कारणे वगळल्याशिवाय हे निदान करता येत नाही.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ मधील तिसऱ्या आवृत्तीत हा विकार अर्धशिशीशी संबंधित आजारांच्या गटात ठेवला आहे. त्यामागे कारणही तसेच आहे. अशा अनेक मुलांच्या आईला, वडिलांना किंवा भावंडांना अर्धशिशी असते आणि अर्धशिशीची औषधे या उलट्यांवरही उपयोगी पडतात. मेंदू आणि आतडे यांच्यातील मज्जातंतूंचा संवाद काही काळासाठी बिघडतो, असे आजचे वैद्यकीय मत आहे. काही मुलांत पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतील आनुवंशिक बदलांशीही त्याचा संबंध आढळला आहे. मूल सोंग करत नाही आणि आईवडिलांच्या संगोपनातही काही उणे नसते, हे यातून स्पष्ट व्हावे.

आवर्तनाचे चार टप्पे

पहिला टप्पा निरोगी काळाचा. दुसरा चाहुलीचा : मळमळ, फिकटपणा, घाम, गप्प होणे, उजेड व आवाज नकोसा वाटणे. हा टप्पा काही मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो. तिसरा प्रत्यक्ष उलट्यांचा. तो बहुधा पहाटे किंवा सकाळी उठताना सुरू होतो आणि पहिल्या काही तासांत सर्वाधिक तीव्र असतो. या काळात मूल इतके गळून जाते की बोलणेही टाळते. काही मुले सारखे पाणी पितात आणि ओकतात, कारण त्यामुळे घशातील जळजळ कमी होते. चौथा टप्पा उताराचा : मुलाला झोप लागते, मग भूक लागते आणि काही तासांत ते खेळू लागते.

सुरुवात बहुधा पाच वर्षांच्या आसपास होते. सर्दी-तापासारखा संसर्ग, जागरण, दीर्घ उपाशीपणा, प्रवास, परीक्षेचा ताण आणि मोठ्या मुलींमध्ये मासिक पाळी ही नेहमीची निमित्ते आहेत. पालकांना चकवणारे निमित्त म्हणजे आनंद. वाढदिवस, सहल, घरातले लग्न, दिवाळी यांच्या आदल्या रात्रीही आवर्तन सुरू होऊ शकते. धनत्रयोदशीला सराफ पेठेत रात्री उशिरापर्यंत दुकाने उघडी असतात, घरचे जेवण-झोपेचे वेळापत्रक कोलमडते आणि मुलेही जागी राहतात. अशा दिवसांनंतर उलट्या झाल्या की दोष मिठाईला दिला जातो. प्रत्यक्षात जागरण आणि उत्साह हेही कारण असू शकते.

‘पित्त’ या शब्दाचा घोटाळा

घरगुती मराठीत ‘पित्ताची उलटी’ म्हणजे आंबट, कडवट, पिवळसर पाणी. डॉक्टर पित्ताबद्दल विचारतात तेव्हा त्यांना यकृतातून आतड्यात उतरणारा हिरवा रस अभिप्रेत असतो. हा फरक जीव वाचवणारा ठरू शकतो. गवतासारख्या गडद हिरव्या रंगाची उलटी, विशेषतः तान्ह्या बाळात, ही आतडे अडल्याची किंवा त्याला पीळ पडल्याची खूण असू शकते. काही मुलांत जन्मतःच आतड्याची मांडणी चुकलेली असते. अशा आतड्याला पीळ पडला तर रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडे निकामी होते. आवर्ती वमनातही पोट रिकामे झाल्यावर हिरवट उलटी होते, हे खरे. मात्र ती कोणत्या कारणाने झाली हे घरी ठरवता येत नाही. त्यामुळे हिरवी उलटी झालेल्या मुलाला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

पुढील खुणाही तातडीच्या समजाव्यात :

• उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ
• पोट फुगणे, हात लावू न देणारी पोटदुखी, शौच व वायू बंद होणे
• सकाळी उठताना डोकेदुखीसह उलटी, चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे
• फिट येणे, असंबद्ध बोलणे, न जाणारी गुंगी
• श्वास खोल व वेगाने चालणे, विशेषतः त्याआधी तहान, लघवी वाढली असेल व वजन घटले असेल तर
• सहा ते आठ तासांत लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, डोळे खोल जाणे

यांतील सकाळची डोकेदुखी व तोल जाणे मेंदूतील गाठीकडे, तर खोल श्वास व वाढलेली तहान मधुमेहाकडे बोट दाखवते. रुग्णवाहिकेसाठी छत्तीसगड आणि महाराष्ट्र दोन्हीकडे १०८ हा क्रमांक आहे.

सारखी दिसणारी इतर दुखणी

वारंवार होणाऱ्या उलट्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. जवळपास रोज, पण थोड्या उलट्या होत असतील तर कारण बहुधा पोटातच असते : अन्न वर येणे, जठराचा दाह, जंतुसंसर्ग किंवा एखाद्या अन्नाची ॲलर्जी. क्वचित, पण एकदा सुरू झाल्यावर तासाला चार किंवा अधिक उलट्या होत असतील तर कारण पोटाबाहेर शोधावे लागते.

वयही दिशा दाखवते. चार-पाच महिन्यांचे बाळ दूध पिऊन थोडे बाहेर टाकते, पण हसरे असते आणि त्याचे वजन वाढते. हे नैसर्गिक असून बहुतेक बाळांत वर्षाच्या आसपास थांबते. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी, हिरवी नसलेली उलटी मात्र जठराचे तोंड जाड झाल्याची खूण असू शकते. त्यावर जर्मन शल्यचिकित्सक कॉनराड रामस्टेट यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया शंभर वर्षांहून अधिक काळ यशस्वी ठरली आहे.

जेवल्यावर काही मिनिटांत, मळमळ न होता अन्न सहज तोंडात येत असेल तर तो रवंथासारखा वेगळा विकार असतो. त्यावर औषधांपेक्षा पोटाने श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो. बेंबीभोवतीची पोटदुखी प्रमुख आणि उलटी दुय्यम असेल तर पोटातील अर्धशिशीचा विचार होतो. कुशीत दुखून उलट्या होत असतील तर मूत्रपिंडातून लघवी उतरण्याच्या मार्गात अडथळा आहे का, हे सोनोग्राफीत पाहतात. किशोरवयीन मुलांत गांजाच्या दीर्घ सेवनानेही अशाच उलट्या होतात. याचे पहिले सविस्तर वर्णन २००४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाले. गरम पाण्याने वारंवार अंघोळ केल्यावर बरे वाटणे ही त्याची ओळख आहे. हा प्रश्न मुलाला एकट्याला घेऊन, न रागावता विचारावा लागतो.

दोन वर्षांखालील मूल, उपाशी राहिल्यावर किंवा प्रथिनयुक्त जेवणानंतर सुरू होणाऱ्या उलट्या, खुंटलेली वाढ अशा स्थितीत चयापचयाचे जन्मजात दोष तपासावे लागतात. त्यासाठी रक्तातील साखर, अमोनिया, लॅक्टेट आणि लघवीची विशेष तपासणी आवर्तन चालू असताना, शक्यतो ग्लुकोज देण्यापूर्वी नमुना घेऊन केल्यास उपयोगाची ठरते. मूल बरे झाल्यावर याच चाचण्या पूर्ण सामान्य येऊ शकतात. आतड्याची मांडणी पाहण्यासाठी औषध पाजून क्ष-किरण तपासणी करतात. सरसकट प्रत्येक मुलाची एंडोस्कोपी किंवा मेंदूचे स्कॅन करण्याची मात्र गरज नसते.

आवर्तन सुरू झाल्यावर

चाहूल लागताच उपचार दिल्यास आवर्तन थांबण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यामुळे डॉक्टरांनी मुलाच्या वजनानुसार ठरवून दिलेले औषध घरी ठेवलेले असावे. ऑन्डानसेट्रॉन हे उलटी रोखणारे औषध जिभेवर विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात मिळते. मोठ्या मुलांत डॉक्टर अर्धशिशीचे ट्रिप्टान गटातील औषध, शक्य असल्यास नाकातील फवाऱ्याच्या रूपात सुचवतात. दुकानातून मनाने आणलेली उलटीची औषधे टाळावीत. मेटोक्लोप्रामाइडमुळे काही मुलांची मान, जबडा आणि डोळे आखडतात व घरच्यांना ती फिटच वाटते.

मुलाला अंधाऱ्या, शांत खोलीत झोपू द्यावे. उलट्या थांबत नसतील तर रुग्णालयात ग्लुकोजयुक्त सलाईन, शिरेतून उलटीविरोधी औषध आणि गरजेनुसार झोपेचे औषध देतात. येथे झोप हाही उपचारच असतो. पोटदुखी असल्यास वेदनाशामक दिले जाते, तसेच सोडियम व पोटॅशियमची पातळी तपासली जाते.

मूल घोट पचवू शकत असेल तेव्हा जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, चमच्याचमच्याने द्यावी. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी या द्रावणाची ताकद दाखवून दिली. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. बाजारात लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाण्याचे प्रमाण पाकिटावर वाचूनच ठरवावे. फळांच्या चवीची गोड पेये हा त्याला पर्याय नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. त्यानंतर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली.

आवर्तने टाळण्यासाठी

आवर्तने वारंवार किंवा फार तीव्र असतील तर रोज घेण्याचे प्रतिबंधक औषध सुरू करतात. पाच वर्षांखालील मुलांत सायप्रोहेप्टाडीन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. आपल्याकडे भूक वाढवणारे सिरप म्हणून ते अनेकांना ठाऊक असते. त्याने झोप येते व वजन वाढते. पाच वर्षांवरील मुलांत अमिट्रिप्टिलीन रात्री अगदी कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकत असल्याने ईसीजी काढून घेतला जातो. प्रोप्रॅनोलॉल हा दुसरा पर्याय आहे, पण दमा असलेल्या मुलांना ते देत नाहीत. काही डॉक्टर सोबत कोएन्झाइम क्यू-१० किंवा एल-कार्निटीन देतात. गुण आला म्हणून ही औषधे परस्पर बंद करू नयेत.

औषधाइतकीच दिनचर्या महत्त्वाची आहे. झोपेची वेळ ठरलेली असावी, न्याहारी चुकवू नये, दोन जेवणांत फार अंतर नसावे, झोपताना थोडे खाणे द्यावे आणि पाणी भरपूर प्यावे. श्रावण, पर्युषण किंवा नवरात्रात घरातील मोठ्यांचे पाहून मुलेही उपवास धरतात. या विकाराच्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो धरू नये. चॉकलेट, चीज किंवा अजिनोमोटो असलेल्या पदार्थांनंतर आवर्तन येते असे नोंदीतून दिसले तरच ते पदार्थ वर्ज्य करावेत. केवळ शंकेवरून मुलाचे ताट रिकामे करू नये.

वहीत काय लिहावे

एका साध्या वहीत प्रत्येक आवर्तनाची तारीख, सुरू होण्याची वेळ, सर्वांत वाईट तासातील उलट्यांची संख्या, उलटीचा रंग, पोटदुखी किंवा डोकेदुखी, आदल्या दोन दिवसांतील घटना, दिलेली औषधे आणि मूल पूर्ववत होण्याची वेळ लिहावी. वजन दरमहा नोंदवावे. घरातील कोणाला अर्धशिशी आहे का, हे पहिल्याच पानावर असावे. जुने केसपेपर त्याच वहीत लावून ठेवावेत.

रायपूरसारख्या शहरात मराठी कुटुंबे डॉक्टरांशी हिंदीत बोलतात. ‘झटका’ किंवा ‘दौरा’ म्हटले की ऐकणाऱ्याला मिरगी वाटू शकते. त्याऐवजी ‘एका तासात सहा उलट्या, दोन दिवस, गेल्या सहा महिन्यांत चार वेळा’ असे आकड्यांत सांगितल्यास गैरसमज होत नाही. निदान झाल्यावर डॉक्टरांकडून एक पानाची उपचार-सूचना लिहून घ्यावी : आजाराचे नाव, मुलाचे वजन, देण्याची औषधे, कोणती सलाईन, कोणत्या चाचण्या. पहाटे कोणत्याही रुग्णालयात तो कागद दाखवला तर उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत. त्याची एक प्रत शाळेत द्यावी. दोन दिवस गैरहजर राहून तिसऱ्या दिवशी टवटवीत दिसणाऱ्या मुलावर खोटेपणाचा संशय घेतला जातो. वर्गशिक्षकांना आजाराचे नाव माहीत असेल तर मूल त्यातून वाचते.

निम्म्याहून अधिक मुलांत हा विकार किशोरवयापर्यंत ओसरतो. त्यांतील बऱ्याच जणांना पुढे अर्धशिशीची डोकेदुखी सुरू होते, म्हणून मूल बरे झाले तरी ही वही जपून ठेवावी. आवर्तनाचे स्वरूप एकाएकी बदलले, मधल्या काळातही मूल आजारी दिसू लागले किंवा वजन घटू लागले, तर जुने निदान गृहीत न धरता पुन्हा तपासणी करून घेणे आवश्यक आहे.